एका बाहीचा उशीर

आमच्या ह्यांची घोडी मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कुणी मला प्रेमळ समजायला नको.

हे नालबंद. उभा जन्म लोकांच्या घोड्यांचे खूर तासण्यात आणि नाल ठोकण्यात गेला. आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या तबेल्यातून हे एक दोन वर्षांचं अरबी शिंगरू घरी घेऊन आले. पुढच्या खुराला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली, आणि तबेलेवाल्यांनी तिच्यावर पाणी सोडलेलं. ह्यांनी वर्षभर पट्ट्या बांधून, हाताने नाल घडवून तो खूर सांधत आणला. माझ्या बोटात एकदा शिलाई मशीनची सुई आरपार गेली होती, तेव्हा "फडकं बांध" एवढंच म्हणाले होते. घोडीच्या खुरासाठी मात्र गृहस्थ पहाटे उठून पाणी गरम करायचे.

तिचं नाव बयो. मी तिला सवत म्हणायचे, अगदी तिच्या तोंडावर. दिसायला देखणी, ते कबूल करायला हवं. करडा रंग, डोळ्यांखाली खोलगट होत गेलेला चेहरा, मोठाले काळे डोळे, आणि चालताना शेपटी अशी उंच धरायची की जणू घर तिच्याच नावावर आहे. हे म्हणायचे, "अगं, ही जात माणसांच्या तंबूत, पोराबाळांच्या शेजारी झोपून वाढलेली. हिला मालक नको असतो, घरचं माणूस लागतं. ते ती स्वतः निवडते. आणि अपमान झाला तर जन्मात विसरत नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच की," मी म्हणायचे. "फक्त मला कुणी गाजरं देत नाही."

तिने ह्यांना निवडलं होतं. हे तबेल्यात गेले की आधी तिच्या नाकपुडीत हळूच श्वास सोडायचे, ती त्यांच्या तोंडावर श्वास सोडायची, आणि मग कपाळ त्यांच्या छातीला टेकवून डोळे मिटायची. दुसऱ्या कुणाशी ती असं कधी वागली नाही. मी शाळेचे गणवेश शिवते. माझं मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी आहे आणि खिडकीसमोर, अंगणापलीकडे, तबेला. त्यामुळे हा सोहळा मला रोज बघावा लागायचा.

चारेक महिन्यांपूर्वी एका सकाळी आमचं वाजलं. कारण काय, तर ह्यांनी आपला कामावरचा कोट माझ्या इस्त्री केलेल्या गणवेशांवर टाकला होता. त्या कोटाला जळक्या खुराचा, घामाचा आणि घोडीचा मिळून असा वास यायचा की माशीनेही बसण्याआधी विचार करावा. मी तो उचलला आणि अंगणात भिरकावला. "जा, त्या घोडीकडेच राहा," म्हटलं. हे कोट तिथेच टाकून तबेल्यात गेले.

थोड्या वेळाने बयो किंचाळायला लागली. खिंकाळणं वेगळं, हे वेगळं होतं. पाठोपाठ फळ्यांवर टापा. मला वाटलं, हेच तिला चिथावताहेत, मला ऐकवायला. मी सदऱ्याला बाही लावत होते. म्हटलं, ओरडू दे, एवढी बाही संपवून उठते. बाही पुरी केली, दोरा तोडला, आणि मग गेले.

हे जमिनीवर पडलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. बयो त्यांच्यावर उभी होती, पुढचे दोन्ही पाय त्यांच्या दोन बाजूंना रोवून. मागच्या टापांनी फळ्या बडवून तिने ढलपे काढले होते, पण पुढचे पाय तसूभर हलले नव्हते. मला पाहिल्यावर ती ओरडायची थांबली.

दवाखान्यात विचारलं, "कधी पडले?" मी म्हणाले, "आत्ताच." डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका आलाय, अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं. त्या बाहीबद्दल मी कुणालाही सांगितलं नाही. ना दिराला, ना कुणाला.

हे तिकडे, आणि इकडे घोडीने अन्न सोडलं. तीन दिवस गवत तसंच, कोंडा तसाच. तिला तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाला कान लावून ऐकलं आणि मला म्हणाल्या, "पोट रिकामं राहिलं तर शूळ उठून जाईल ही. त्यांचा न धुतलेला एखादा कपडा आहे का?"

न धुतलेला कपडा माझ्या घरात! एकच होता. अंगणात भिरकावलेला.

मी तो कोट अंगात घातला. नाक दाबून घातला. बाह्या दुमडल्या, ह्यांच्यासारखी खाकरले, ह्यांच्यासारखे पाय घासत तबेल्यात गेले आणि ओंजळीत ओला कोंडा घेऊन उभी राहिले. बयोने कोट हुंगला. मग माझं तोंड हुंगलं. ती काही फसली नव्हती, तिचे डोळे सांगत होते. पण तिने खाल्लं. माझ्या बोटांवर तिचे ओठ लागले, आणि मला त्या सकाळनंतर पहिल्यांदा रडू आलं.

मग रोज सकाळ-संध्याकाळ तेच. सकाळी तबेला, दुपारी दवाखाना, मधल्या वेळात गणवेश. कोटाचा खिसा उसवला तो मी शिवला. खडू, कात्री, टेप सगळं त्याच खिशात राहायला लागलं. सवतीशी बोलायलाही लागले. दुसरं होतंच कोण? आज ह्यांनी डोळे उघडले, आज डावा हात हलवला, आज मला ओळखलं पण बोलता येत नाही. ती कान टवकारून ऐकायची. महिन्याभराने एका संध्याकाळी तिने माझ्या तोंडावर श्वास सोडला आणि कपाळ माझ्या छातीला टेकवलं. मी हलले नाही. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि ते दुसऱ्याचं उचलल्यासारखंही वाटलं.

अडीच महिन्यांनी ह्यांना घरी आणलं, चाकांच्या खुर्चीत. बोलणं एकेका शब्दाचं, तेही क्वचित. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घोडीचं नाव काढलं की डोळे मिटायचे. आपल्याला तिने असं पाहू नये, असं त्यांना वाटत होतं, एवढं मला कळत होतं. व्यायाम करून घ्यायला एक गृहस्थ येत. महिनाभर खटपट करून तेही थकले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाय गेलेले नाहीत हो, मन उडालंय. येत्या काही आठवड्यांत स्वतःहून उभे राहिले तर राहिले. नाहीतर स्नायू आखडून बसतील, मग मीही काही करू शकणार नाही."

माझ्याकडे आता एकच उपाय उरला होता, आणि तो तबेल्यात उभा होता.

मी दिराला बोलावून घेतलं. हे मान हलवून नको नको म्हणत होते, पण मी ह्यांचं कधी ऐकलंय म्हणून तेव्हा ऐकणार होते? दवाखान्याच्या साबणाचा आणि औषधांचा वास तिला परका वाटेल, म्हणून मी तोच कोट काढला आणि ह्यांच्या अंगात घातला. बटणंसुद्धा लावली. माझ्या हुशारीचं मला कौतुक वाटलं.

"वहिनी, घोडी बुजली तर?" दिराने खुर्ची ढकलता ढकलता विचारलं.

"बुजेल कशाला? आठ वर्षांचं प्रेम आहे."

"बरं. घोडामैदान जवळच आहे, बघू."

खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवली. मी बयोचं दार उघडून बाजूला झाले. ती बाहेर आली, कान पुढे, शेपटी वर. खुर्चीची चाकं बघून थबकली. मग हळूहळू जवळ गेली. ह्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं होतं. उजवा हात उचलायचा प्रयत्न करत होते. तो कसाबसा वर येत होता.

बयोने कोटाचा गळा हुंगला. मग खिसा. मग पुन्हा गळा. आणि तिने डोकं वर करून इकडेतिकडे पाहिलं, कुणाला तरी शोधावं तसं. मी भिंतीशी उभी होते. ती ह्यांना वळसा घालून सरळ माझ्याकडे आली, माझ्या तोंडावर श्वास सोडला आणि कपाळ माझ्या छातीला टेकवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साडेतीन महिने तो कोट माझ्या अंगावर होता. त्याला माझा वास होता. मी तिला ह्यांच्या अंगावर स्वतःलाच हुंगायला दिलं होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हात खाली पडला होता. मान भिंतीकडे वळत होती, त्या खोलीतल्यासारखीच.

"अगं, तिकडे जा! तिकडे!" मी तिला ढकललं. ती हलली नाही, आणखीच टेकली. आणि मग माझा हात उठला. तिच्या नाकाच्या मऊ भागावर मी फाडकन मारली. मग आणखी एक.

तिच्यावर आयुष्यात कुणी हात उगारला नव्हता. ती मागे सरली. किंचाळली नाही, उधळली नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं.

"न...को!"

मी वळून पाहिलं तर हे उभे होते. खुर्ची मागे कलंडली होती, दीर आ वासून पाहत होता, आणि हे उभे होते. मी तिसऱ्यांदा मारीन असं त्यांना वाटलं असावं. एक पाऊल टाकलं. दुसरं फरफटत आलं. तिसऱ्याला तोल गेला, आणि ते माझ्या आणि घोडीच्या मध्ये तिच्या मानेवर कोसळले. हाताला आयाळ लागली, ती मुठीत घट्ट धरली. बयो जागची हलली नाही. चारी पाय रोवून उभी राहिली, त्या दिवशी राहिली होती तशी. ह्यांचं वाकडं तोंड तिच्या नाकपुडीपाशी होतं आणि त्यांना धाप लागली होती. तिने तो श्वास घेतला. बराच वेळ घेत राहिली. मग तिचा सगळा चेहराच सैल झाला.

दीर रडायला लागला. मीही रडले, पण माझं कारण निराळं होतं. ती दोघं माझ्याकडे बघत नव्हती.

याला आता तीन आठवडे झाले. हे काठी टेकत, भिंत धरत रोज दोन वेळा तबेल्यात जातात. जावंच लागतं. कारण बयो माझ्या हातून एक काडीही घेत नाही. मी दारात दिसले की ती वळते आणि पाठ करून उभी राहते. व्यायामवाले गृहस्थ भेटेल त्याला ही नवलकथा सांगतात. मला म्हणाले, "बाई, केलंत तरी काय?" मी म्हणाले, "मुक्या जिवाला मारलं." त्यांना ती थट्टा वाटली.

काल दुपारी हे झोपले होते. मी मशीन थांबवलं आणि तबेल्यात गेले. ती नेहमीसारखी वळली. मी दाराची फळी धरून तिच्या पाठीला म्हणाले, "चुकले मी." हा शब्द मी चाळीस वर्षांत कुणापुढे काढला नव्हता. ह्यांच्यापुढेही नाही. वरातीमागून घोडं, पण निघाला एकदाचा. आणि तो निघाल्यावर मागचंही सगळं आलं. "त्या दिवशी तू ओरडत होतीस ना, ते मी ऐकलं होतं. पहिल्या हाकेलाच. पण मी बाही लावत बसले. तू बोलावत होतीस आणि मी दोरा तोडत होते. लगेच आले असते तर ह्यांची अशी दशा झाली नसती. आणि मी तुलाच मारलं."

तिने तोंड माझ्याकडे वळवलं नाही.

मागे काठी वाजली. हे अंगणात उभे होते, कोट घातलेला, बगलेत कोंड्याचं घमेलं कसंबसं दाबलेलं. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"मला..." ते म्हणाले. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागतो. "मशीन... ऐकू... येत होतं."

म्हणजे तिथे पडल्या पडल्या ते ऐकत होते. ती अख्खी बाही. आणि शब्द फुटायला लागल्यापासून यातलं त्यांनी मला काहीही ऐकवलं नव्हतं.

त्यांनी जवळ येऊन घमेलं माझ्या हातात ढकललं.

"दे," म्हणाले.

"ती नाही घेणार माझ्या हातून."

"मी..." ते म्हणाले, आणि त्यांच्या अर्ध्या तोंडावर काहीतरी हललं. "मी... घेतोच ना."

मी घमेलं घेऊन आत गेले आणि गव्हाणीपाशी उभी राहिले. बयोची पाठ माझ्याकडेच होती. घमेलं जड होतं, हात भरून आले, पण मी ते खाली ठेवलं नाही.