घरातलं मत

"साहेब घरी न्हाईत. बसा, पाणी घ्या."

दाराआडून येणारा मायचा तो आवाज सुकेशनीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. झरी गावातल्या घरी ओट्यावर माणसं ताटकळलेली असत आणि आतल्या खोलीत तात्याराव, तिचे वडील, डोळ्यांवर रुमाल टाकून निजलेले असत. माय खोटं बोलते, असं लहानपणी तिला वाटे. आज स्वतःचे सुजलेले पाय मिठाच्या कोमट पाण्यात सोडताना वाटलं, खोटं कुठं होतं ते? साहेब घरी नसायचेच. घरी असायचं ते नुसतं दमलेलं अंग.

शहराची महापौर मागच्या अंगणात पाटावर बसली होती. सकाळपासून दोन उद्घाटनं, एक मयत आणि एक लग्न झालं होतं. जाईल तिथं बायांनी एकच विचारलं होतं, मॅडम, नळाला पाणी कवा?

समोर तिची माय, लक्ष्मीबाई, तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे ओठ आपल्याशीच हलत होते.

*लेक गादीवर बसं, गाव म्हनं मोठी झाली*
*कुणी पुसंना गं बाई, कवा जेवाया ती आली*

"कुणाची गं ही ओवी, माय?"

"कुणाची असती? तोंडात आली."

नागसेननं, तिच्या धाकट्या भावानं, दारातून डोकं काढलं. पार्टीचे पाहुणे यायचे होते. तिकीट पुन्हा सुकेशनीलाच द्यायचं ठरलं होतं. तिच्या तोंडून 'हो' तेवढं ऐकायचं बाकी होतं.

"ताई, झरी सोडली म्हणे त्यांनी. तेवढे केस नीट कर. फोटो काढतेत."

"बघू."

"बघू काय? आश्रुबा आज्याची सरपंचकी, तात्यांची नगराध्यक्षी, तुझी महापौरकी. आता खंड पाडतीस का? आन वॉर्ड परत महिलांलाच सुटलाय. मी काय लुगडं नेसून उभा राहू?"

"शोभशील की," लक्ष्मीबाई म्हणाली. "मिशी तेवढी काढ."

नागसेन हसत आत गेला. सुकेशनी पाण्यातल्या आपल्या बोटांकडे पाहत राहिली.

चारठाण्याच्या शाळेत ती गणित शिकवायची. वॉर्ड पहिल्यांदा महिलांसाठी सुटला त्या दिवशी तात्यारावांनी शाळेच्या फाटकाशी जीप पाठवली. ती बसली तेव्हा बोटांना खडू तसाच होता. पुढं तात्याराव गेले आणि लोकांनी डोळे पुसत तिला भरभरून मतं दिली. मग महापौरपदाची सोडत निघाली, तीही तिच्याच बाजूनं. पायरीमागून पायरी येत गेली आणि ती चढत गेली. चढायचंय का, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनंही कधी कुणाला सांगितलं नाही.

"सुके," लक्ष्मीबाईचे हात थांबले होते. "एक सांगू? रागाला येऊ नको."

"बोल की."

"मागच्या टायमाला मी तुला मत दिलं न्हाई."

सुकेशनीनं मान वर केली. "काय बोलायलीस, माय? पेपरात फोटो आला होता आपला. तुझ्या बोटाला शाई, माझ्या खांद्यावर हात."

"शाई तर समद्यांच्याच बोटाला लागती. बटन कोणतं दाबलं, ते थोडंच सांगती ती?"

"मग दिलं कुणाला?"

"त्या समोरच्या पार्टीच्या बबिताला. लय हौस होती बिचारीला."

"माय! कामून पण?"

लक्ष्मीबाईनं हातातली शेंग उकलली, दाणे ताटलीत सोडले.

"तुझा बाप मी लोकायला अख्खा देऊन टाकला. म्हणलं, पोरगी तरी पडू दे. पडली तर शाळेत जाईल, सांच्याला टायमावर जेवंल. तर तू आलीस निवडून. भाईर हलगी वाजायली आन मी आत पदर डोळ्याला लावून बसले. लोक म्हणले, बगा, माय आनंदानं रडायली."

सुकेशनी हसू लागली. हसता हसता तिनं तोंड कुंपणाकडे फिरवलं. लक्ष्मीबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला, पुढच्या खोलीत खुर्च्या सरकल्या.

"ताई, आले!" नागसेन दारात उभा होता. "अजून हितंच? काय सांगू त्यांला?"

तिनं पाय पाण्याबाहेर काढले, पदरानं सावकाश कोरडे केले.

"सांग, आपल्या घरातलीच दोन मतं फुटलीत."

"ही काय मस्करीची येळ हाय का? कोणाचं फुटलं?"

"एक मायचं."

त्यानं आईकडे पाहिलं. ती खाली मान घालून शेंगा सोलत होती.

"आन दुसरं?"

"माझं," सुकेशनी म्हणाली.