आपण हरलो

आमच्या वैजयंतीचा जन्म बर्मिंगहॅमचा. तिच्या मराठीत 'आपण' नव्हतंच. फुटबॉलची मॅच बघून घरी येताना ती गाडीत विचारायची, "बाबा, आम्ही नेहमी का हरतो?"

"आम्ही कोण? मी काय समोरच्या टीमचा होतो?" पद्माकर म्हणायचा. "मला धरून बोलतेस ना? मग आपण."

"इंग्लिशमध्ये एकच वी आहे, बाबा. किती इझी!"

क्लबचं नाव कोलब्रुक टाउन; क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधला. स्टँडचं छप्पर गळायचं, तरी पद्माकर दर शनिवारी जायचा. मला फुटबॉल कळत नाही. तो का जायचा ते कळत होतं. तो भूलतज्ज्ञ होता. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढूनही तिथे तो 'डॉक्टर एस'च होता. शेजारच्या सीटवरच्या रॉनने मात्र पहिल्याच हंगामात आडनाव विचारलं आणि घरी पाठ करून आला. गोल झाला की तो पद्माकरला मिठी मारून ओरडायचा, "सहसराबुडी!"

नव्वदच्या उन्हाळ्यात चेअरमन पेंबर्टनने गॅरी डन विकला. गोल करणारा तो एकटाच होता. त्याच्या जागी दुसरा आणू आणि छप्परही दुरुस्त करू, असा शब्द पेंबर्टनने दिला होता. ऑक्टोबर उजाडला तरी दोन्ही झालं नाही, म्हणून सपोर्टर्सनी क्लबच्या बारमध्ये मीटिंग बोलावली. पद्माकर प्रश्न विचारणार होता. वैजयंती त्याच्याबरोबर असायचीच; त्याने टाय लावला, म्हणून मीही गेले.

पेंबर्टनचे गालिच्यांचे कारखाने होते. आवाज मऊ होता. "वी मस्ट बी पेशंट," तो म्हणाला. "वी कान्ट जस्ट गो आउट अँड बाय."

वैजयंती कुजबुजली, "बाबा, हे वी म्हणजे आपण की आम्ही?"

पद्माकर खूश झाला. "तेच विचारतो," म्हणत तो उभा राहिला. प्रश्न इंग्रजीतच होता, पण मला तो मराठीत ऐकू आला: आपण गॅरीला विकलं, आता आपण कोणाला आणणार?

"वी?" पेंबर्टन हसला. "डॉक्टर, क्लब माझा आहे. यू लॉट जस्ट टर्न अप अँड क्लॅप."

पुढच्या रांगेतलं कोणीतरी त्याच्याबरोबर हसलं. रॉन ताडकन उठला. "ही मीन्स ऑल ऑफ अस, डॉक!"

पद्माकर खाली बसला आणि टायची गाठ चाचपत राहिला.



"सगळ्या सपोर्टर्सना म्हणाला तो," परतताना गाडीत पद्माकर म्हणाला.

"हो."

"रॉनलासुद्धा."

"हो रे."

'यू लॉट' म्हणजे 'तुम्ही लोक': सगळे सपोर्टर्स, की आमच्यासारखे बाहेरून आलेले? वाक्याचे दोन अर्थ होत होते आणि एकाही बाजूला पुरावा नव्हता. माझा दिवस प्रयोगशाळेत जातो. पुराव्याशिवाय मी निष्कर्ष काढत नाही. त्या रात्री काढला. त्यानेही काढला होता.

पुढच्या शनिवारी त्याने लॉन कापलं. त्याच्या पुढच्या शनिवारी गॅरेज आवरलं. रॉनचा फोन आला की मी सांगायचे, ड्यूटी आहे. वैजयंती रॉनबरोबर जाऊ लागली. नवा स्ट्रायकर काही आला नाही.

मे महिन्यातल्या शेवटच्या मॅचला धो धो पाऊस होता. वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या स्कार्फमधून पाणी गळत होतं. पद्माकर ओट्याशी मटार सोलत होता.

"बाबा," ती म्हणाली. "आपण हरलो. चौथ्या डिव्हिजनमध्ये गेलो आपण."

शब्द बरोबर होता, दोन्ही वेळा. मी पद्माकरकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलंच असणार.

"अरेरे," तो म्हणाला. "हरले का ते?"

तिला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा बदलला.

"ते नाही, बाबा. आपण."

पद्माकरने हात पुसले. तिचं ओलं जॅकेट काढून घेतलं, रेडिएटरवर पसरलं आणि पाठमोरा उभा राहून त्याच्या बाह्या सरळ करत राहिला.