जिंकलेल्या खटल्याचा खर्च

खटला आम्ही जिंकलो होतो, तरी आज पुन्हा कोर्टाची पायरी चढत होतो. आमच्या ह्यांनी नळाची नवी झडप बनवली, आणि ती आपल्या पेटंटवरून चोरली म्हणत एका बड्या कंपनीनं दावा ठोकला. शेवटी कोर्ट म्हणालं, चोरी नाही. छान! पण वकिलाची फी म्हणे ज्याची त्यानं भरायची. म्हणजे मारणार तो आणि मलमपट्टी आपल्या खर्चानं. वर्कशॉप विकल्याशिवाय ती फी फिटणार नव्हती.

एकच वाट उरली होती. कंपनीनं जाणूनबुजून छळायला दावा केला, असं जजसाहेबांना पटलं तर आमची फीही तिच्याच बोकांडी बसणार. त्याची सुनावणी आज होती. वकीलसाहेबांनी ह्यांना बजावलं, विचारतील तेवढंच बोला. मी वर आणखी चारदा बजावलं. सुटे पैसे जास्त आले तर अर्ध्या वाटेवरून परत करायला जाणारा माणूस हा, मला धास्ती नको वाटायला?

दाव्याआधी कंपनीचं कोणी आलं होतं का, असं जजसाहेबांनी विचारलं. हे म्हणाले, त्यांचा इंजिनिअर आला होता, त्याला झडप उघडून दाखवली होती. माझा जीव भांड्यात पडला. सगळं बघूनही दावा केला, मग आणखी काय हवं?

"त्याला दोन झडपांतला फरक कळला होता, असं तुम्हाला वाटतं?" जजसाहेब म्हणाले.

मी बाकावर पर्सचा बंद पिळतेय. अहो, हो म्हणा, एकच तर अक्षर आहे.

"नाही, साहेब. फरक पाणी सोडल्यावरच कळतो, आणि त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही चोरीच वाटली असती."

झालं. ज्याचा खर्च त्यानं सोसावा, असा हुकूम झाला.

जिन्यातच मी तोंड सोडलं. मोठे हरिश्चंद्र लागून गेलात, म्हटलं. त्यांनी माझ्या पर्सचा पिळलेला बंद सरळ करून दिला, तेव्हा मलाच रडू फुटलं.

घरी सासरे दारातच उभे होते. वर्कशॉप त्यांनी उमेदीत उभं केलेलं, आता गुडघे साथ देत नाहीत.

"वर्कशॉप वाचलं ना रे?"

हे माझ्याकडे बघेनात.

"वाचलं, बाबा."

जे कोर्टात जमलं नाही, ते ह्यांना इथं जमलं. सासऱ्यांनी हात पुढे केला.

"मग किल्ली दे. उद्या मी उघडतो."