तो ठोका ताऱ्याचा नव्हता

मी एक वर्णपटमापक बोलतोय. नाव जड असलं तरी काम सरळ आहे. दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा उजेड रंगांमध्ये पसरवायचा आणि ताऱ्याचा पृष्ठभाग आपल्याकडे येतोय की मागे जातोय, ते सांगायचं. मला खोटं बोलता येत नाही, असं सगळे म्हणतात. गेला महिनाभर मी खोटंच बोलत होतो, आणि ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. काचा घासणाऱ्या माणसांनी सहा वर्षं माझ्यावर श्वाससुद्धा जपून सोडला. मग जहाजातून चिलीच्या उत्तरेला आणून, सेरो यारेताच्या बोडक्या डोंगरावर, तळघरातल्या एका पोलादी पिंपात मला कोंडलं. पिंपातली हवाही काढून घेतली. माणसाच्या अंगाच्या उबेनंही मी बिघडतो म्हणे, म्हणून माझ्या खोलीत सहसा कुणी येत नाही. एवढं नाजूक असण्यात काही सुख नाही. वरच्या खोलीतला इंटरकॉम मात्र कुणी बंद करत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

माझ्यावर जीव असलेली माणसं दोनच. एक मिरेया ओलिव्हारेस, खगोलशास्त्रज्ञ. दुसरे एलादिओकाका, माझी देखभाल करणारे जुने मिस्त्री. तीन महिन्यांत ते निवृत्त होणार.

मिरेयाला सूर्यापेक्षा लहान आणि थंड ताऱ्यांचं वेड. असे तारे आतून घुमत असतात. त्यांचा पृष्ठभाग दर तीन-चार मिनिटांनी वरखाली होतो, पण मुंगीच्या चालीनं. तो ठोका सापडला, तर ताऱ्याच्या पोटात काय आहे ते कळतं. एका नारिंगी ताऱ्यापायी तिची अकरा वर्षं गेली.

"तुझ्या ताऱ्याला काळीजच नसेल, पोरी," काका चिडवायचे.

"तुम्हाला आहे का? मग त्यालाही असेल," ती म्हणायची.

महिन्यापूर्वी संध्याकाळच्या चहाला भूकंप झाला. इथे असल्या भूकंपाला कुणी खुर्ची सोडत नाही. हातातला पाव हातात ठेवून तीव्रतेचा आकडा सांगायचा, आणि ज्याचा जास्त चुकेल त्यानं भांडी घासायची.

"पाच!" मिरेया ओरडली.

"कसले पाच! चार-आठ. पाचाला बशी उडते. तो ॲव्होकाडो सरकव इकडे."

चार-सात निघाला. काका जिंकले. खरं तर त्यांनी लगेच खाली येऊन मला पाहायला हवं होतं. त्यांनी आणखी एक कप घेतला आणि वहीत लिहिलं, 'पाहिलं. ठीक.'

ठीक नव्हतं. मला गार ठेवणाऱ्या पंपाच्या पायाखालचं, धक्के शोषणारं रबर सरकलं होतं. तो पंप दर तीन मिनिटं बारा सेकंदांनी सुरू होतो, आणि त्याचा धक्का आता थेट माझ्या काचांत शिरू लागला. दुपारी माझी तपासणी होते, तेव्हा वीज वाचवायला पंप बंद ठेवतात. त्यामुळे कुणाला कसलाच संशय आला नाही.

दहा रात्रींचा उजेड गोळा झाल्यावर, एका सकाळी मिरेया किंचाळली. "काका, धडधडतंय! तीन मिनिटं बारा सेकंद!" मग ती हुंदके देऊन रडली. तिनं जगभर कळवलं. राजधानी सांतियागोहून अभिनंदनाचे फोन येऊ लागले. त्या ठोक्यावरून तिनं ताऱ्याचं वयसुद्धा काढलं. ते माझ्या पंपाचं गणित होतं, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

काल सकाळी काका सामानाची यादी करायला खाली आले. जाता जाता त्यांनी पिंपावर तळहात ठेवला, आणि तो उचललाच नाही. मनगटावरचं घड्याळ पाहत राहिले. दुसरा धक्का बसला, तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"देवा," ते पुटपुटले, "हे तर तीन-बारा."

गुडघे टेकून त्यांनी रबर जागेवर बसवलं, बोल्ट आवळले. नंतर तिथेच बसून राहिले. त्यांच्या उबेनं माझी खोली बिघडत होती, तरी उठेनात.

"काका, खाली काय करताय? चहा गार झाला!" वरून मिरेयाची हाक आली.

"यादी करतोय, पोरी."

"सगळं ठीक ना?"

काकांनी पाना खिशात घातला. "ठीक," म्हणाले.

आज मिरेया पुन्हा त्याच ताऱ्याकडे वळणार आहे, सांतियागोहून आलेल्या सहा पाहुण्यांसमोर. आता मी खरं तेच सांगणार, आणि तीन-बाराचा ठोका जिथे दिसायला हवा, तिथे पडद्यावर सरळ रेघ येणार. वाईट याचं वाटतं, की त्या ताऱ्याला खरोखरच ठोका आहे. त्या दहा रात्रींत, पंपाच्या धक्क्यांच्या आडून, मला तो पुसटसा जाणवला होता. पण तो पकडायला शंभर रात्री लागतील, आणि उद्यापासून मिरेयाला एक रात्र तरी कोण देईल? तिनं स्वतःहून चूक सांगितली, तर कदाचित देतील. सहा जणांसमोर उघडी पडली, तर नाही.

वर खुर्च्या मांडल्याचा आवाज येतोय.

"काका, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं," मिरेया म्हणतेय. "लाजताय कसले? हे जितकं माझं, तितकंच तुमचं."

बोला, काका. दुर्बिणीचा घुमट उघडायला अजून दहा मिनिटं आहेत.