पुढचं वजन

फिटरने चौथी लोखंडी पाटी ट्रॅक्टरच्या पुढच्या कंसाला अडकवली, लांब बोल्ट चारही पाट्यांतून आरपार सरकवला आणि पाना धाकट्याच्या हातात दिला. आता तुम्ही आवळा, म्हणाला, माझ्या खांद्यात जीव नाही उरला.

धाकट्याने पाना घेतला खरा, पण बोल्टला लावला नाही. ट्रॅक्टरच्या नाकाखालची ती जागा त्याच्या ओळखीची होती. तिथला रंग उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं, ते त्याच्याच बसण्याने. आता तिथे चार लोखंडी पाट्या दाटीवाटीने लटकत होत्या. नव्या असूनही कडेने गंजल्या होत्या.

"चार मिळून ब्याण्णव किलो," फिटर हात पुसत म्हणाला. "सांगितलं होतं, तेवढंच."

धाकट्याच्या हातातून पाना निसटला आणि पायाच्या अंगठ्यावर पडता पडता राहिला.

छोट्या ट्रॅक्टरला मागे मोठं अवजार लावणं म्हणजे लहान मुलाच्या पाठीवर भलंमोठं दप्तर देण्यासारखं. सपाटीवर चालतं, पण चढ लागला की पुढचे पाय उचलले जातात. मागचा रोटाव्हेटर उचलून धरला की पुढची चाकं हलकी व्हायची. स्टिअरिंग फिरवावं, तर ट्रॅक्टर ऐकायचा नाही. त्यावर उपाय म्हणजे पुढे वजन लावायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण थोरल्याने ट्रॅक्टर घेतला, रोटाव्हेटर घेतला, वजनं मात्र घेतली नाहीत. घरात ब्याण्णव किलोचा भाऊ आयता असताना लोखंड कशाला घ्यायचं?

म्हणून सात वर्षं धाकटा ट्रॅक्टरच्या नाकावर बसला. पाठ बॉनेटला टेकवायची, पाय खाली सोडायचे आणि दोन्ही हातांनी कंस धरून ठेवायचा. लोक त्याला 'वजन'च म्हणायचे. 'काय वजन, आज सुट्टी?' असं कोणी विचारलं की सगळ्यांत आधी तोच हसायचा. 'आमच्या घरात शब्दाला वजन दादाच्या, बाकी सगळं वजन माझं,' हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. खोटं कशाला बोला, त्याला ते काम आवडायचं. आपण उतरलो तर दादाचा ट्रॅक्टर जागचा हलणार नाही, यात एक ऐट होती.

आणि एक दिवस तो उतरला.

पुढचं सगळ्यांना माहीत होतं. खालच्या शेतातून वर येताना चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला गेला आणि मागे उलटला. थोरला खाली सापडला. दोन वर्षं झाली. तेव्हा तू कुठे होतास, असं विचारल्यावर धाकट्याने सांगितलं होतं की दादाने मला पाणी आणायला घरी पाठवलं. मेलेल्या माणसाच्या भावाला खोदून कोण विचारणार? कोणी विचारलं नाही. वहिनीनेही नाही.

खरं एवढंच होतं की चढाच्या पायथ्याशी दादाने ट्रॅक्टर थांबवला आणि एक वाक्य बोलला. ते वाक्य ऐकून धाकटा उतरला आणि बांधावरून तरातरा चालू लागला. मागे इंजिनाचा आवाज चढला. आपल्याला चिडवायला दादा मुद्दाम आवाज करतोय, असं त्याला वाटलं, म्हणून त्याने वळून पाहिलं नाही. मग आवाज थांबला.

ते थांबणं त्याच्या मागे लागलं ते लागलंच. पिठाची गिरणी थांबली, डोक्यावरचा पंखा थांबला, रस्त्यावर एखादी गाडी घरघरत येऊन थांबली, की त्याचे हातपाय गार पडायचे. सगळ्या जगाने एकदम श्वास रोखून धरलाय आणि आता आपण वळून बघायचंय, असं वाटायचं. जेवण तर सुटलंच होतं. अर्ध्या ताटावर उठायचा. वहिनी वाढायला वाकली की ताटावर हात आडवा धरायचा. ब्याण्णवचा पासष्ट झाला. लोक म्हणाले, भावाचा घोर लागला. ते खरंच होतं, पण अर्धंच.

आणि आता वहिनी स्वतः ट्रॅक्टर चालवणार होती. दोन महिने फिटरकडून शिकली होती, तेही मोकळ्या सपाट जागेवर. धाकट्याने नाही नाही ते सांगून पाहिलं. भाड्याने करून घेऊ, म्हणाला. विकून टाकू, म्हणाला. वहिनीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि वजनं मागवली. तेव्हा त्याने मनाशी ठरवलं होतं की त्या चढाला ट्रॅक्टर लागण्याआधी तिला खरं सांगायचं. मग ती म्हणाली की चालते व्हा, तर चालतं व्हायचं. त्या घराबाहेर त्याचं कुणी नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने पाना उचलला आणि बोल्ट आवळला.

वहिनी डोक्याला रुमाल बांधून आली. रोटाव्हेटर धरणाऱ्या मागच्या दोन्ही दांड्यांच्या पिना तिने हाताने ओढून पाहिल्या, वरची दांडी हलवून पाहिली, मग पुढे येऊन पाट्यांवर नुसता हात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला. फिटर चहासुद्धा न घेता निघून गेला.

खालचं शेत दुपारपर्यंत उरकलं. वहिनीचा हात बरा होता; वळताना रोटाव्हेटर उचलायला विसरत नव्हती, घाईही करत नव्हती. धाकटा बांधावर उभा राहून इंजिनाचा आवाज ऐकत होता. प्रत्येक वळणाला तो मंदावला की हा एक पाऊल पुढे टाकायचा.

शेवटी ती चढाच्या पायथ्याशी आली. रोटाव्हेटर वर उचलला. धाकटा बांधावरून उतरला आणि ट्रॅक्टरच्या पुढे, चार पाट्यांसमोर, आडवा उभा राहिला.

"वहिनी, दादाने मला पाण्याला पाठवलं नव्हतं."

"माहीत आहे," ती वरून म्हणाली. "ट्रॅक्टरवरचा पाण्याचा कॅन भरलेला होता. मीच रिकामा केला."

दोन वर्षं तो जिच्या हातचं जेवला, तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मी आपणहून उतरलो. रागाने. मी बसलो असतो, तर..."

वहिनीने इंजिन बंद केलं. आवाज थांबला. धाकट्याने डोळे गच्च मिटून घेतले आणि पुढच्या पाटीची कड धरली. ती खाली उतरली नाही, पण तिचा आवाज खाली आला.

"काय म्हणाले होते हे?"

हे वाक्य त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री उशीला नाही, आरशाला नाही. दादाचं आपल्याशी शेवटचं बोलणं असं निघावं, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

"म्हणाला... तुझ्यापेक्षा लोखंडाच्या पाट्या बऱ्या..."

"जेवायला तरी मागत नाहीत," वहिनी म्हणाली.

धाकट्याने डोळे उघडले. इथे त्या दिवशी दोनच माणसं होती. त्यातलं एक गेलं आणि दुसरा हा असा उभा होता.

वहिनी स्टिअरिंगकडे बघत बोलत राहिली. त्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या नाकावरून उतरताना ओल्या बांधावर धाकट्याचा पाय घसरला होता आणि चाक वीतभर अंतरावर थांबलं होतं. ते तिने घराच्या दारातून पाहिलं होतं. त्यानंतर तिला झोप लागेना. भावोजींना नाकावरून उतरवा, म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली. त्याने फिटरला वजनं सांगितली. किती हवीत, विचारल्यावर म्हणाला, माझ्या भावाएवढी. यायला आठ दिवस होते. तोवर हळू नेतो, म्हणाला. पण याला उतरवू कसा, असा त्याला प्रश्न. उद्यापासून बसू नकोस म्हटलं, तर ऐकायचा नाही. माझी आता गरज उरली नाही, म्हणून मनाला लावून घेईल.

"मीच म्हटलं, काहीतरी लागेलसं बोला, म्हणजे फुगून उतरतील. संध्याकाळी मी पोटभर वाढून समजूत काढते." तिने आता त्याच्याकडे पाहिलं. "ते पाट्यांचं मीच सुचवलं, भावोजी. हे हसले होते. एवढं कशाला, म्हणाले."

गंजलेली कड धाकट्याच्या तळहातात रुतली होती. दोन वर्षं फिटरकडे पडून होती ती वजनं, म्हणून गंजली होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

"तुम्ही अर्ध्या ताटावरून उठायचात," वहिनी म्हणाली. "मी वाढायला आले की हात आडवा. मला वाटायचं, तुम्हाला कळलंय ते वाक्य कुणाचं होतं."

त्याने मान हलवली. नाही, नाही, असं दोनदा हलवली. मग बाजूला झाला.

तिने इंजिन चालू केलं. त्या दिवशी तो जिथून पाठ फिरवून निघाला होता, तिथेच तो आज उभा राहिला, तोंड चढाकडे करून. आवाज चढला. रोटाव्हेटर मागे डुलला. पुढची चाकं माती दाबत वर गेली, एकदाही उचलली न जाता. त्याने पापणी लवू दिली नाही.

वर पोचल्यावर वहिनीने इंजिन बंद केलं नाही. ते तसंच धडधडत ठेवून ती मागे वळून बघत बसली. तो चढ चढत आला, धापा टाकत तिच्या शेजारी उभा राहिला.

"चला जेवायला," ती म्हणाली, आणि मगच इंजिन बंद केलं.