फाळक्यावरची होनारी

मला होनारी आवडायची. आवडायची म्हणजे तशीच, पोरगी आवडते तशी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

होनारी जपानी कार्टूनमधली. हिंदीत बोलायची. केबलवर रोज साडेपाचला. निळे केस, हातात धनुष्य, आणि डोळे एवढे मोठे की बाकी तोंडाला जागाच नाय. नाक म्हणजे नुसता ठिपका.

दोन हजार चार साल. मी एकवीस वर्षांचा. आबांचा टेम्पो चालवायचो, महाड ते पोलादपूर, कधी वरंधपर्यंत. भाडं असं घ्यायचो की साडेपाचला कुठल्यातरी टीव्हीसमोर पोचलो पायजे. महाडच्या सायबर कॅफेत तिची कलर प्रिंट काढलेली, ती पाकिटात. लायसनच्या पुढच्या कप्प्यात. लायसन मागं.

त्या साली टेम्पोचं पासिंग आलं. पेणच्या आरटीओत न्यायच्या आधी गाडी रंगवायला लागते. आबा बोलले, "मुरारी, सईदचाचांकडं लाव. पुढं देवाचं नाव टाक, मागं तुला काय पायजे ते कर."

काय पायजे ते! आबांना काय ठाऊक.

सईदचाचा महाडच्या नाक्यावर गाड्या आणि दुकानांचे बोर्ड रंगवतात. मोर, गुलाब, डोंगरामागचा सूर्य, सगळं डोळे झाकून. मी प्रिंट दिली. चाचांनी चष्मा कपाळावर केला.

"हिला काय झालंय?"

"काय नाय चाचा. अशीच हाय."

"डोळे सुजलेत."

"तसेच काढायचे."

"आणि नाक?"

"नाक नसतं हिला."

मीच कापलं असल्यासारखं बघितलं माझ्याकडं. "जा घरी. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेलो. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर एक बाई उभी. काळे केस. गजरा. डोळे माणसाचे. सरळ, धारदार नाक. हनुवटीवर तीळ. होनारीचं म्हणून फक्त धनुष्य उरलेलं.

"चाचा, हे काय?"

"बाला, माझ्या हातनं बिननाकाचं माणूस गेलं तर उद्या कोण येईल माझ्याकडं? नाकाचे पैसे नको देऊ."

पुन्हा काढायला दोन दिवस लागतील बोलले. आणि पोलादपूरला न्यायचं सिमेंट कधीचं खोळंबलेलं. निघालो. वाटेत दोनदा उतरून मागं बघून आलो. धनुष्य तिचंच होतं हो. तेवढ्यावर समाधान मानलं.

पोलादपूरला स्टँडसमोर गाडी लावली, तर भाजीवाली प्रयागबाई ओरडली, "गो सारिके! बाहेर ये! तुझा फोटू आलाय गाडीवर!"

सारिका म्हणजे तिथल्या एसटीडी बूथवाली. मी बूथच्या काचेतनं तिला बघितलं, मग फाळका बघितला. तेच नाक. तोच तीळ. मग डोक्यात आलं, मागच्याच आठवड्यात तिच्या बूथचा बोर्ड चाचांनी रंगवलेला. दोन दिवस तिच्यासमोर स्टूल टाकून बसलेले. हाताला तेच नाक बसलेलं असणार.

सारिकाचा भाऊ महादू बाजूच्या गॅरेजमधनं आला. हातात रॉकेलचं फडकं.

"कोण रे ही?"

"होनारी."

"कुठल्या गावची?"

"जपानची."

"आणि तीळ? तो पण जपानचा?"

माणसं जमली. महादूनं फडकं फाळक्याला लावलं. आता पुसू दिलं तर सारिकाच होती असं ठरणार. पोरीचं नाव खराब, माझे हातपाय खराब, आणि होनारी पण गेली. पुसू नाय दिलं तर अख्ख्या स्टँडसमोर पाकीट उघडायला लागणार.

उघडलं.

"ही होनारी. माझं हिच्यावर प्रेम हाय. चाचांनी नाक जास्तीचं काढलं."

प्रिंट हातोहात फिरली. मग सगळे एकदम हसले. प्रयागबाईला तर खाली बसायला लागलं. "अरे मेल्या, हिला भाकऱ्या येतात का?"

महादू हसला नाय. प्रिंट बघितली, फाळका बघितला. मग वेगळाच भडकला. "म्हणजे, माझ्या बहिणीचं तोंड चालत नाय तुला? ही डोळेफाडी चालते?"

मी त्याच्या हातनं प्रिंट घ्यायला गेलो.

तेवढ्यात सारिका बूथमधनं आली. मला वाटलं आता चप्पल. तिनं प्रिंट घेतली, फाळक्याजवळ गेली, नखानं रंग खरवडून बघितला.

"केस निळे पायजेत," ती बोलली. "आणि धनुष्य उजव्या हातात, बाण डाव्या. होनारी डावरी हाय."

डावरी! खरंच की. दोन वर्षं बघत होतो, मला कधी दिसलं नव्हतं.

"तू बघतेस?"

"साडेपाचला कोण येतं फोन करायला?" मग आवाज बारीक करून बोलली, "रंगवतोयसच तर बाजूला शिगोमा काढशील? तलवारवाला? त्याच्या कपाळावर केस येतात ना, ते नीट काढायला सांग." एवढं बोलून कानापर्यंत लाल.

महादूनं ते बघितलं. फडकं खाली टाकलं.

"शिगोमा कोण? सारिके, हा शिगोमा कुठल्या गावचा?"

पासिंगच्या आदल्या दिवशी चाचांनी सगळं पुन्हा काढलं. होनारीचे केस निळे झाले, डोळे मोठे झाले. नाकावर चाचा अडून बसले. शेवटी अर्ध्या नाकावर मिटलं. शिगोमाला मात्र मिशी आली, ती सारिकानं उभं राहून पुसायला लावली.

तेव्हापासून साडेपाचला मी तिच्या बूथमधल्या छोट्या टीव्हीसमोर असायचो. होनारी आली की मी पुढं सरकायचो, शिगोमा आला की ती. महादू मधे स्टूल टाकून बसायचा. पहारा म्हणून. एक दिवस शिगोमाला बाण लागला, तर सारिकाच्या आधी हाच उठून उभा राहिला.

"मेला काय रे? मुरारी, सांग ना, मेला?"