शूरवीराचं स्वागत

विहिरीवरच्या बाईच्या आवाजात आत्या नाना तऱ्हांनी मरून झाल्या होत्या. तलवारीनं, विषानं, आगीत, पाण्यात बुडून. खेळणाऱ्यानं दया दाखवलीच, तर ती बाई हात जोडून रडते, तेही त्यांनी केलं होतं. आवाजाच्या कामात केस पिकले होते त्यांचे. स्टुडिओत सगळे त्यांना आत्याच म्हणत.

खेळ संगणकावरचा. खेळणारा शूरवीर होऊन गावोगाव हिंडतो, आणि जागोजागी त्याला विचारलं जातं, मारू की सोडू? लुटू की देऊ? आत्यांना हे पहिल्या दिवसापासून भावलं होतं. करावं तसं भरावं, हे माणसाला खेळता खेळता उमगणार असेल तर आणखी काय हवं!

आज पुढच्या गावातली म्हातारी होती, विहिरीवरच्या बाईची सासू. कागदावर एकच वाक्य: ‘या, शूरवीरा, या! तुमचीच वाट पाहत होतो.’

“साहेब,” आत्यांनी काचेपलीकडच्या दिग्दर्शकाला विचारलं, “हे सुनेला सोडलं तेव्हाचं झालं. मारलं तेव्हाचं कुठंय?”

“तेच.”

“तेच म्हणजे?”

“तेच वाक्य, आत्या. वाटा दोन दिसतात, पण दोन्ही याच गावात येतात. प्रत्येक वाटेला वेगळं गाव बांधत बसलो तर आमची हयात जायची.”

“अहो, सुनेचं रक्त अजून वाळलं नाही, आणि सासू म्हणते या?”

शेजारचा रेकॉर्डिस्ट खुदकन हसला. “काही सासवा म्हणतीलही!”

“तू गप रे, मेल्या.” आत्यांनी कागद खाली ठेवला. “साहेब, एक वाक्य घाला. मारलं असेल तर म्हातारीनं नुसतं विचारावं, ‘माझी सून कुठंय?’ शाप नको, शिक्षा नको. एवढंच.”

“घालता येईल,” दिग्दर्शक म्हणाला. “अवघड काहीच नाही. पण खेळणारा ओशाळतो हो. आणि ओशाळला की खेळ बंद करतो. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. लोकांना तुमचं मरण फार आवडलंय! थांबा, दाखवतोच.”

त्यानं पडदा लावला. खेळ तपासायला बोलावलेला एक दाढीवाला गडी तोंडात काहीबाही चघळत बसला होता. त्यानं बाईला तलवारीनं मारलं. आत्यांची किंकाळी उठली. गडी हसला, मागं गेला, तिला पुन्हा जिवंत केलं आणि जाळलं. “अरे, हे ऐक, हे ऐक!” त्यानं शेजाऱ्याला ढोसलं. मग बदल म्हणून एकदा सोडूनही पाहिलं. ती हात जोडून रडू लागली, तसं त्यानं जांभई देत बटण दाबलं आणि रडणं पुढं ढकललं. शेवटी पुन्हा मारलं, कारण मेल्यावर तिच्या गळ्यातली साखळी मिळते. ती साखळी छातीवर मिरवत तो सासूच्या गावात शिरला.

आपल्या गळ्यातून निघालेला जीव कुणी चघळून थुंकावा, आणि तोच चोथा पुन्हा आपल्या तोंडात कोंबावा, तसं आत्यांना झालं. त्या गड्याची किळस कमीच आली. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. कुणी कधी विचारू नये, याची चोख व्यवस्था करून वर ‘तुमचा प्रत्येक निर्णय जग बदलेल’ अशी जाहिरात करणाऱ्यांची जास्त आली.

“मी नाही हे म्हणणार,” त्या म्हणाल्या.

दिग्दर्शक चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता रेकॉर्डिस्टकडे वळला. “खाणावळवालीचं ‘या’ आहे ना आपल्याकडे? आणि ‘शूरवीरा’ त्या राणीच्या तोंडचं घे. बाकीचं गाळलं तरी चालेल.”

खाणावळवाली आत्याच, राणीही आत्याच. रेकॉर्डिस्टनं मान खाली घालून तुकडे कापले, जोडले, आणि कळ दाबली.

“या, शूरवीरा, या!”

आवाज मायेनं नुसता ओथंबला होता.

“झालं की! तुम्हाला त्रासच नाही,” दिग्दर्शक म्हणाला.

“माझं नाव काढा यातून.”

“नावं अगदी शेवटी येतात, आत्या. तिथवर कुणी थांबतच नाही.”

आत्या बाहेर आल्या. बेसिनपाशी चूळ भरली, थुंकल्या, पुन्हा भरली. पाठोपाठ रेकॉर्डिस्ट आला.

“आत्या, उद्या राक्षसीण आहे. येताय ना?”

“नाही.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील हो. काय फरक पडणार?”

“त्या खेळात कशानंच पडत नाही. पण मी काही त्या खेळात राहत नाही, बाबा.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “जोडलंस मात्र छान. सांधासुद्धा कळत नाही. ये, हात धू.”

त्याला थट्टा वाटली. तो हसला. आत्या हसल्या नाहीत. नळ तसाच वाहता सोडून त्या बाजूला झाल्या आणि जिना उतरू लागल्या. वर पाणी वाहत होतं, आणि तो बाह्या न सरसावता नुसता त्याच्यासमोर उभा होता.